पिसवा उठवणारी मावशी

मोजेवाल्या मावशी कुणाच्या घरी गेल्या की आधी घरातल्या सगळ्यांना बाहेर काढत. माणसं, कुत्रं, मांजर, सगळी जिन्यात. मग उंबऱ्याशी बसून पायांत गुडघ्यापर्यंतचे पांढरेशुभ्र मोजे चढवत, एकट्याच आत जात आणि दार लावून घेत. दाराला कान लावला तरी आतून काही ऐकू यायचं नाही. झाडूचा आवाज नाही, पाऊल वाजत नाही. दहा-बारा मिनिटांनी त्या बाहेर येऊन जिन्यातल्या उजेडात उभ्या राहत आणि स्वतःच्या पायांकडे बघत. पांढऱ्या मोज्यांवर काळे ठिपके हलत असत. ओठांतल्या ओठांत ते मोजून झाल्यावरच त्या घरच्या माणसांशी पहिलं वाक्य बोलत.

ज्यांच्याकडे कुत्री-मांजरी होती आणि त्यांच्यामागून ज्यांच्या घरात पिसवा शिरल्या होत्या, अशा बदलापूर-अंबरनाथच्या पुष्कळ घरांना मावशी ठाऊक होत्या. त्या चिखलोलीच्या जुन्या आगरी कुटुंबातल्या. नवरा लवकर गेला, मुलगी लग्न होऊन पेणकडे गेली. घरी शेळ्या होत्या आणि पोटासाठी उल्हासनगरात जनावरांच्या एका डॉक्टरांकडे नोकरी होती. तिथे वीस-बावीस वर्षं त्यांनी फरशी पुसली, पिंजरे धुतले आणि कुत्र्यांना धरून ठेवलं. डॉक्टर म्हातारे झाले, दवाखाना बंद झाला, तेव्हा त्यांची जुनी गिऱ्हाइकं मावशींना शोधत चिखलोलीला यायला लागली. हिराबाई हे त्यांचं नाव मला फार उशिरा कळलं.

आत नुसतं उभं राहून त्या काय करतात, असं मी एकदा विचारलं. मी अंबरनाथच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये काम करते. कारण कळल्याशिवाय मला चैन पडत नाही.

"श्वास सोडतंय गो बाय," त्या म्हणाल्या. "त्या फटीत कोशात निजलेल्या असतात. कोनी नसलं का महिनो-महिने निजतात. मानसाचं पाऊल पडलं, श्वास लागला, का उठतात. घर रिकामं हाय असं तुला वाटतं. घर वाट बगत असतं."

त्या दिवसापासून बंद घराचं कुलूप उघडताना माझं पाऊल क्षणभर अडखळतं, ते आजतागायत.

आमच्याकडे त्या आल्या, तेव्हा आई जाऊन चौदा महिने झाले होते. बदलापूरच्या कात्रपमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये बाबा, मी आणि बंड्या, इतकेच उरलो होतो. बंड्या म्हणजे आईने रस्त्यावरून उचलून आणलेला कुत्रा. बाबांच्या घोट्यांवर ओळीने लाल पुळ्या उठल्या होत्या. बंड्या स्वतःची शेपूट चावून चावून रक्त काढत होता. दुकानात मिळतील ते सगळे स्प्रे मी मारले होते. दोन माणसं येऊन पंपाने औषध फवारून गेली होती. चार दिवस बरे जायचे आणि पाचव्या दिवशी बाबा पुन्हा पाय खाजवत बसलेले दिसायचे.

मावशींनी दारातच विचारलं, "या घरात कोन ऱ्हात नाय?"

मला वाटलं, त्यांची चूक झाली. "म्हणजे कोण कोण राहतं, असंच ना?"

"नाय. कोन ऱ्हात नाय आता?"

बाबा जिन्यात बंड्याचा पट्टा धरून उभे होते. त्यांनी मान खाली घातली. आई गेल्याचं मी सांगितलं. तिची खोली आतल्या बाजूला आहे, आम्ही ती बंदच ठेवतो, असंही सांगितलं.

मी कुलूप काढून दिलं आणि मावशी आधी त्याच खोलीत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांचे मोजे गुडघ्यापर्यंत काळवंडले होते. ते काळं हलत होतं, वर चढत होतं. त्यांनी शांतपणे दोन्ही पाय साबणाच्या पाण्याच्या टबात बुडवले.

"बंद नाय ही खोली," त्या म्हणाल्या. "हितं रोज कोनतरी बसतं. पलंगाच्या उजव्या अंगाला, खाली जमिनीवर. आनि कुत्रा बसतो बाजूला."

"शक्यच नाही," मी म्हटलं. "कुलूप आहे दाराला."

"मी बसतो," बाबा म्हणाले.

मी कामावर गेले की रोज दुपारी बाबा कुलूप उघडत आणि बंड्याला घेऊन आईच्या पलंगापाशी अर्धा तास बसत. मी यायच्या आत पुन्हा कुलूप. चौदा महिन्यांत मला त्याची चाहूल लागली नव्हती. ती पिसवांना लागली होती.

पलंगावर आईची गोधडी होती. मावशी म्हणाल्या, ती उकळत्या पाण्यात धुवावी लागेल. बाबांनी साफ नकार दिला. आयुष्यात आवाज न चढवणारा माणूस, पण तेव्हा त्यांचा आवाज चढला. "सगळं घर धुवा. गोधडीला हात लावायचा नाही. तिचा वास आहे त्यात."

मावशी अगदी हळू म्हणाल्या, "भाऊ, त्यांनापन मानसाचा वास लागतो. म्हनून त्या हितंच थांबल्यात."

बाबा खुर्चीवर बसले. मग त्यांनी मान डोलावली. मावशींनी बाथरूममध्ये बादली मांडली, गोधडी आत ठेवली आणि वरून उकळतं पाणी ओतलं. पाणी बघता बघता लालसर झालं, विटेसारखं. पिसवांची विष्ठा म्हणजे वाळलेलं रक्तच असतं आणि पाण्यात ते पुन्हा सुटतं, हे मी नंतर वाचलं. त्या क्षणी आम्ही दोघं दारात उभे राहून नुसते बघत होतो.

"हे कुणाचं?" बाबांनी विचारलं.

"तुमचं. कुत्र्याचं."

"तिचंही असेल?"

मावशींनी बादलीत बघितलं. त्या खोटं बोलत नसत, आणि उगाच बोलायचं म्हणूनही बोलत नसत. "असंल," त्या म्हणाल्या. "आता पान्यात गेलं. जाऊ द्या, भाऊ."

बाबांनी स्वतः ती बादली उचलली आणि ओतून दिली.

पुढचे दोन महिने मावशी दर रविवारी येत राहिल्या. बंड्याला बारीक दातांच्या फणीने विंचरायचं, फणी साबणाच्या पाण्यात झटकायची. मानेवर टाकायचं औषध डॉक्टरांना वजन सांगूनच आणायचं. अंथरूण-पांघरूण आठवड्याला गरम पाण्यात, आणि सोफ्याखाली, पलंगाखाली, दारामागे रोज झाडायचं. संध्याकाळी त्या जमिनीवर एक ताट ठेवायला लावत. ताटात साबणाचं पाणी आणि वर दिवा. सकाळी त्यात किती पडल्या, ते त्यांना फोन करून सांगायचं. ताट रिकामं मिळालं की आम्ही खूश व्हायचो, आणि मावशी फोनवर म्हणायच्या, "आता खरं काम. दिसत नाय तवाच मानूस थांबतो, आनि त्या तेच बगत असतात."

एका बाबतीत त्या कडक होत्या. कुत्र्याचं औषध मांजराला लावलेलं कळलं की त्या घरावर कडाडायच्या. दवाखान्यात कधीतरी एक मांजर त्यांच्या मांडीवर थरथरत गेलं होतं. घरच्यांनी मायेनेच कुत्र्याची बाटली त्याच्या मानेवर रिकामी केली होती. "मायेनं मारलं," एवढंच त्या म्हणत आणि विषय बदलत.

त्यांना बाटल्यांवरची बारीक अक्षरं वाचता येत नसत, नजरही मंदावली होती. म्हणून आमचं घर निर्मळ झाल्यावरही रविवारी मी त्यांच्याबरोबर जाऊ लागले. खरं सांगायचं तर मला त्यांची ओढ लागली होती. आईनंतर माझ्याशी गो लावून बोलणारं कुणी नव्हतं.

अशाच एका रविवारी चिखलोलीच्या नव्या टॉवरमधला एक फ्लॅट बघायचा होता. भाडेकरू सात महिन्यांपूर्वी सोडून गेले होते, जाताना मांजर मागेच टाकून गेले, आणि आता मालकाला फ्लॅट विकायचा होता. किल्ली घेऊन एजंट आला होता. गॉगल, दोन फोन. "मावशी, एकदम खाली आहे फ्लॅट, टेन्शनच नाही. पार्टी बघायला यायच्या आधी क्लीन पाहिजे बस."

भर दुपार होती. मावशी मोजे घालून आत गेल्या. आम्ही लिफ्टसमोर थांबलो. दहा मिनिटं झाली, पंधरा झाली. दार उघडलं तेव्हा मावशींचे मोजे जवळजवळ पांढरेच होते. मला हायसं वाटलं. मावशींचा चेहरा मात्र उतरला होता.

"तीनच," त्या म्हणाल्या.

"बढिया! मग झालं काम," एजंट म्हणाला.

मावशींनी मोज्यावरची एक पिसू चिमटीत धरली, माझ्याकडून कागदी रुमाल मागून घेतला आणि तिला त्यावर ठेवून नखाने दाबली. रुमालावर लाल ठिपका पसरला. दुसरी दाबली. पुन्हा लाल.

"सात महिने बंद घर," त्या कुजबुजल्या. "हितं उपाशी झुंडी उठायला पायजेत व्हत्या. या जेवलेल्या हायेत. आज जेवल्यात. हे रगत कोनाचं?"

एजंट हसला, पण त्याचं हसू अर्धवटच राहिलं. "ते मांजर येत असेल खिडकीतून."

मावशींनी आम्हाला आत नेऊन स्वयंपाकघरामागच्या ड्राय बाल्कनीकडे बोट केलं. तिथल्या दोरीवर फरशी पुसायचं फडकं होतं. चारही टोकं जुळवून नीट घातलेलं. मी जाऊन हात लावला. ओलं होतं.

"मांजर फडकं वाळत घालत नाय," मावशी म्हणाल्या.

आम्ही तिघं त्या रिकाम्या हॉलमध्ये उभे होतो. कुठे पंखा नाही, पडदा नाही. खालून कुठूनतरी कटरचा आवाज येत होता. एजंट दाराकडे सरकला. मावशी सरळ आतल्या बेडरूमकडे गेल्या. तिचं दार लोटलेलं होतं. त्यांनी टकटक केली, जशी कुणाच्याही घरी करावी तशी.

आतून आवाज आला, "आ जाओ. कितनी देर लगा दी."

मी मावशींचा दंड घट्ट धरला. मावशींनी दार ढकललं. उघड्या फरशीवर चादर अंथरून एक म्हातारी बाई भिंतीला टेकून बसली होती. पांढरा सलवार-कमीज, डोक्यावर दुपट्टा, मांडीवर पिवळं मांजर. शेजारी दुधाची रिकामी पिशवी आणि पावाचा कागद घडी करून ठेवलेला. "धीरे बोलो," ती म्हणाली, "बिल्ली अभी सोई है।"

मला तो चेहरा आठवला. अंबरनाथ स्टेशनच्या जिन्यात हरवल्याची चिठ्ठी लावलेली होती, तिच्यावरचा. उल्हासनगरच्या एका सिंधी कुटुंबातली आजी. सात महिन्यांपूर्वी गेलेले भाडेकरू म्हणजे तिचंच कुटुंब, हे नंतर कळलं; हा फ्लॅट सोडून ते नवीन घरी गेले होते. आजीच्या डोक्यातून ते नवीन घर हळूहळू पुसलं गेलं आणि हे तेवढं राहिलं. जुनी किल्ली तिच्या बटव्यात होती. एके सकाळी ती रिक्षात बसली आणि "घर" म्हणून इथे येऊन राहिली. नऊ दिवस. रोज खाली जाऊन दूध आणि पाव आणायची, फरशी पुसायची. वॉचमन नवा होता, तो तिला रोज नमस्कार करायचा.

ती चिठ्ठी व्हॉट्सअ‍ॅपवरही फिरली होती; मी तिचा फोटो मोबाइलवर शोधून आजीच्या मुलाला फोन लावला. तो येईपर्यंत मावशी त्या बाईसमोर उकिडव्या बसल्या. तिचे पाय घोट्यापासून पोटऱ्यांपर्यंत चाव्यांनी सुजले होते. मावशींनी बादलीत पाणी आणलं, तिचे पाय मांडीवर घेतले आणि लहान मुलाचे धुवावे तसे धुतले. दोघींना एकमेकींची भाषा धड येत नव्हती. म्हातारी सिंधीत काहीतरी सांगत होती आणि मावशी "हां गो, हां" म्हणत होत्या.

मुलगा आला, आईच्या पायांवर डोकं टेकून रडला. तिला न्यायला लागले तेव्हा ती मांजर सोडेना. मावशी त्याला म्हणाल्या, "याला पन न्या. याच्यासाठीच आली ती." त्याने दोघांनाही नेलं. मावशींनी मांजराला लागणारं सगळं समजावून सांगितलं आणि कुत्र्याचं औषध लावायचं नाही, हे तीनदा.

परतताना त्या म्हणाल्या, "बाय, मना भ्याव वाटला आज." त्यांच्या तोंडून ते मी तेवढंच एकदा ऐकलं.

त्यानंतरच्या वर्षी मावशींचं स्वतःचं घर गेलं. दिरांनी जमीन बिल्डरला दिली, त्यात मावशींची तीन खोल्यांची कौलारू जागाही होती. त्यांनी शेळ्या विकल्या आणि पुतण्याच्या नव्या फ्लॅटमध्ये एका खोलीत राहायला गेल्या. मग महिनाभर त्यांनी कुणाचंच काम घेतलं नाही. फोन केला की म्हणायच्या, "काम चालू हाय." कुठलं ते सांगायच्या नाहीत.

एका रविवारी मी त्यांना शोधत जुन्या घरी गेले. दाराला कुलूप नव्हतं. वीज कापलेली, कौलांच्या फटींतून उन्हाचे कवडसे पडलेले. आतून कुणीतरी बोलत होतं. खिडकीतून पाहिलं तर मावशी एकट्या रिकाम्या घरात चालत होत्या. लुगड्याचा काचा वर खोचलेला, पाय गुडघ्यापर्यंत उघडे. पायांत मोजे नव्हते. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात, शेळ्या बांधायच्या पडवीतून माजघरात, संथ पावलं टाकत त्या फरशीकडे बघून बोलत होत्या, "या गो, उठा. या माझ्यावर. उठा."

दारात साबणाच्या पाण्याची बादली होती. चार फेऱ्या झाल्या की त्या येऊन पाय बादलीत बुडवत आणि पुन्हा आत जात. पाण्यावर काळा थर आला होता. पाय कातडी सोलल्यासारखे लाल.

"मावशी! हे काय करताय?"

त्या दचकल्या नाहीत. "चुना टाकून बगितला, गरम पानी मारला. या फटीतल्या पावलाबिगर येत नाय. मोजा घातला का अर्ध्या येतात, उघड्या पायाला सगळ्या."

"पण घर तर पाडणार आहेत! जेसीबी येईल, संपलं सगळं. कशाला हे?"

"पावसाळ्यानंतर पाडतील. तवपर्यंत कामगारांची बिऱ्हाडं ठेवनार हायेत हितं. पोरंटोरं असतात त्यांची, खाली फरशीवर निजवतात." त्या पायरीवर बसल्या. "घर विकलं गो मी. पिसवा नाय विकल्या."

त्यांना साखरेचा आजार होता, ते मला माहीत होतं. अशा पायांना जखमा झाल्या तर भरत नाहीत, हेही मी त्यांना तिथेच सांगितलं. हात धरून उठवायचा प्रयत्न केला. तुमच्या मुलीला फोन करीन, अशी धमकी दिली. "आठ दिवस दे," त्या म्हणाल्या. "आठ दिवसांत सरतील." त्यांचा आवाज इतका शांत होता की मी हात सोडला. मुलीला फोन केला नाही. त्यांना आठ दिवस दिले, आणि ते मी का दिले, याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

नवव्या दिवशी त्यांनीच कळवलं, बादली स्वच्छ आली. तोवर डाव्या पायाची एक जखम चिघळली होती. मुलगी येऊन त्यांना पेणला घेऊन गेली. मी दोनदा भेटायला गेले. पहिल्यांदा त्या अंगणात बसल्या होत्या, पायाला पट्टी होती आणि बाबांची, बंड्याची चौकशी केली. दुसऱ्यांदा त्या खाटेवर होत्या आणि ताप उतरत नव्हता. मी पायथ्याशी बसून रडायला लागले तेव्हा म्हणाल्या, "तू नको रडू. माझा पाय, माझं घर." श्रावण लागायच्या आधी त्या गेल्या.

दिवस-कार्य झाल्यावर पेणहून परतताना मी चिखलोलीला उतरले. मावशींच्या घरात दोन बिऱ्हाडं राहायला आली होती. पडवीत चूल पेटली होती, दोरीवर कपडे होते. दारात भाजी चिरत बसलेली बाई बिहारकडची असावी. मी कोण, कशाला आले, हे मला तिला धड सांगता येईना. शेवटी नुसतंच विचारलं, "यहाँ कुछ काटता तो नहीं रात में?"

तिने नवलाने माझ्याकडे बघितलं. "नहीं दीदी। पिछली साइट पे बहुत था, बच्चा सोता ही नहीं था। इधर अच्छा है।"

तिने मान वळवून आत बघितलं. माजघरातल्या उघड्या फरशीवर एका साडीच्या घडीवर तिचं सहा-सात महिन्यांचं बाळ निजलं होतं, अंगात फक्त झबलं. मी उंबऱ्याशी वाकून त्याचे पाय पाहिले, टाचांपासून मांड्यांपर्यंत. एकही डाग नव्हता.